जेनोवातली नीळ

मुलगी जहाजावर नोकरीला लागली तेव्हा मी तिच्याशी कितीतरी महिने धड बोललो नाही. तिचा फोन आला की बायको बोलायची आणि मी समोर बसून पेपर वाचत असल्यासारखं दाखवायचो. मधेच बायको फोन माझ्या कानाला लावायची.

"जेवलीस का?"

"हो पप्पा."

"बरं." की फोन परत बायकोकडे.

मी मूळचा धुळ्याकडचा. टेक्स्टाइल केमिस्ट्रीचा डिप्लोमा घेऊन विशीत सिल्वासाला आलो, राखोलीच्या एका कारखान्यात धागा रंगवायच्या खात्यात लागलो आणि डाईंग मास्टर म्हणून तिथूनच निवृत्त झालो. मुलगी किलवणी नाक्याजवळच्या आमच्या दोन खोल्यांत वाढली. घरात मराठी, शेजारी गुजराती, खाली दुकानात हिंदी. एकाच वाक्यात ती तिन्ही भाषा बोलायची आणि मला वाटायचं, या पोरीला एकही भाषा नीट येणार नाही. पुढं तिनं हॉटेल मॅनेजमेंट केलं, तोवर माझी काही तक्रार नव्हती. मग एका मोठ्या प्रवासी जहाजावर रिसेप्शनची नोकरी मिळाल्याचं पत्र आलं. मी म्हणालो, "नाही जायचं." ती पंधरा दिवस गप्प राहिली आणि सोळाव्या दिवशी बॅग भरून गेली. बायको तिला सोडायला वापी स्टेशनपर्यंत गेली. मी गेलो नाही.

गावाकडं कुणी विचारलं तर मी सांगायचो, मुंबईला हॉटेलात आहे. समुद्रात, परक्या माणसांत, आठ-आठ महिने आमची पोर राहते हे तोंडातून निघायचं नाही.

दुसऱ्या वर्षी तिनं कळवलं की कर्मचाऱ्यांना एका फेरीला आईवडिलांना घेऊन येता येतं. तिनं आमची नावं देऊन टाकली होती. मी नेहमीसारखं नाही म्हणालो. तेव्हा पीठ मळता मळता, वर न बघता, बायको म्हणाली, "तुम्ही नका येऊ. मी एकटी जाईन." जी बाई वापीच्या पलीकडं कधी एकटी गेली नव्हती, ती हे बोलत होती. मी पासपोर्टाच्या फोटोला उभा राहिलो.

बार्सिलोनाला आम्ही जहाजात चढलो. जहाज म्हणजे काय, आमच्या राखोलीच्या कारखान्याच्या शेड एकावर एक चढवल्या तरी ते वर उरेल. पण मी पहिले दोन दिवस नाराजच होतो. मुलगी दिसायची ती काउंटरच्या पलीकडून. गडद कोट, मानेवर बांधलेला अंबाडा, समोर माणसांची रांग. आम्ही लांबून हात करायचो, तीही करायची. बायको म्हणायची, "वाळली आहे." मला तर ती उंच झाल्यासारखी वाटत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी जहाज इटलीतल्या जेनोवा नावाच्या बंदरात शिरायला लागलं. मी सहजच वर डेकवर गेलो आणि कठडा धरून उभाच राहिलो. आधी एक दीपस्तंभ आला. एका चौकोनी मनोऱ्यावर दुसरा चौकोनी मनोरा ठेवावा तसा, दगडी, एकटा. त्याच्यामागं हळूहळू शहर उघडत गेलं. सपाटीवर पसरलेलं शहर मी पाहिलं होतं, हे उभं होतं. समुद्रापासून जे सुरू झालं ते डोंगराच्या खांद्यापर्यंत घरंच घरं, गुलाबी, पिवळी, फिकट विटकरी, आणि सगळ्यांना हिरव्या खिडक्या. डोंगरावर उगवत्या उन्हाची कड आली होती आणि खाली धक्क्यावर अजून सावली होती.

बायको माझ्याशेजारी येऊन उभी राहिली होती. ती म्हणाली, "अहो, यांनी घरावर घर ठेवलंय. वरच्या माणसानं पाणी सांडलं तर खालच्याच्या ताटात."

मला हसू आलं. त्या प्रवासात पहिल्यांदाच.

साडेनऊला मुलगी जहाजाच्या शिडीपाशी भेटली. जीन्स, पांढरा शर्ट, केस मोकळे. ती म्हणाली, "चार तास आहेत माझ्याकडे. दोनला ड्यूटी. मम्मी, तू माझा हात धर. पप्पा, तुम्ही मागे राहू नका."

तिच्या लहानपणी जत्रेत हे वाक्य मी बोलायचो.

बंदराच्या बाहेर एक रुंद रस्ता ओलांडला आणि ती आम्हाला एका कमानीतून आत घेऊन गेली. आत गेलो आणि दिवस संपल्यासारखं झालं. गल्ली इतकी अरुंद की मी दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना बोटं लागली. दोन्हीकडं सहा-सात मजल्यांची दगडी घरं, आणि वर आभाळाची एक चिंधी. त्या चिंधीखाली कुणाच्या चादरी वाळत होत्या. गल्ली वळायची, चढायची, दुसऱ्या गल्लीत शिरायची. प्रत्येक दगड मधोमध झिजून खोलगट झालेला. एवढा कठीण दगड पायांनी झिजवायला किती माणसं चालून गेली असतील याचा मी विचार करायला लागलो आणि चालायचं विसरलो.

"पप्पा!"

"आलो, आलो."

गल्लीच्या कोपऱ्यावर, डोक्याच्या वर, भिंतीत संगमरवरी कोनाडा होता आणि त्यात मेरीची मूर्ती, हातात बाळ. पुढं कुणीतरी ताजी फुलं ठेवली होती. बायकोनं चप्पल काढून हात जोडले. सिल्वासातल्या पोर्तुगीजांच्या वेळच्या चर्चवरून जातानाही ती हात जोडतेच. शेजारून पिशवी घेऊन चाललेली एक म्हातारी थांबली, बायकोकडं पाहून काहीतरी बोलली आणि तिच्या दंडाला हात लावून पुढं गेली.

"काय म्हणाली गं?"

"म्हणाली, शाबास. हल्ली आमची पोरं वर बघतसुद्धा नाहीत."

"तुला कळलं?" मी विचारलं.

"कळतं थोडं थोडं," मुलगी म्हणाली.

ते थोडं थोडं म्हणजे किती, ते पुढच्या वळणावर कळलं. एका काळपट दुकानात भिंतीतच भट्टी होती, लाकडं पेटलेली, आणि तिच्यातून एक बाई हातभर दांड्याच्या फावड्यानं परातीएवढं तांब्याचं ताट बाहेर ओढत होती. आमच्या पोरीला पाहताच ती बाई भट्टीपाशीच ओरडली. पोर तिच्याहून मोठ्यानं ओरडली. मग दोघी हात उडवत, हसत, एकमेकींचं वाक्य तोडत बोलायला लागल्या. मी बघत राहिलो. मला जिच्या भाषेची काळजी होती ती ही पोर. चौथी, पाचवी, कितवी भाषा ही कोण जाणे, आणि ती असं बोलत होती जणू त्या गल्लीतच लहानाची मोठी झाली.

बाईनं कागदावर तीन तुकडे दिले. पिवळे, वरून खरपूस, तेलानं चमकणारे.

"यात अंडं नाही ना?" बायकोनं विचारलं.

"नाही गं. हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ, तेल. बास."

बायकोनं कोपरा मोडून तोंडात टाकला आणि डोळे मोठे केले. "अगं, हे तर आपलं बेसनाचं धिरडं! नुसतं भट्टीत घातलंय." आणि तिनं त्या बाईला शुद्ध मराठीत सांगितलं, "यात थोडा ओवा घाला. आणि हिरवी मिरची."

मुलीनं भाषांतर केलं. भट्टीवालीनं कानाला हात लावून मान हलवली. मिरची नको म्हणाली असावी. पण आणखी एक तुकडा दिला.

मग एका अंधाऱ्या गल्लीतून बाहेर पडलो आणि एकदम उजेडात समोर शहराचं मोठं चर्च उभं राहिलं. सगळं चर्च पट्ट्यापट्ट्यांचं, एक थर पांढऱ्या संगमरवराचा, एक काळ्या दगडाचा, खालपासून वरपर्यंत. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना दगडी सिंह. आत गेलो तर एका भिंतीपाशी माणसाच्या उंचीचा तोफेचा गोळा उभा करून ठेवलेला. दुसऱ्या महायुद्धात एका युद्धनौकेनं समुद्रातून डागला, तो भिंत फोडून आत आला आणि फुटलाच नाही, असं मुलगी सांगत होती. बायकोनं दोन पावलं मागं घेतली. मी वर छताकडं पाहिलं. माणसं बारीक दिसावीत म्हणूनच एवढं उंच बांधतात की काय, असं वाटलं. तरी बारीक झाल्याचं वाईट वाटत नव्हतं.

मला वाटलं, झालं, हेच दाखवायचं होतं. पण मुलीनं घड्याळ पाहिलं आणि म्हणाली, "आता एक जागा. फक्त तुमच्यासाठी आहे, पप्पा."

चर्चच्या मागं जुन्या धर्मगुरूंची राहायची जागा आहे. मधे चौक, भोवती खांबांची ओसरी. तिथं आता संग्रहालय केलं आहे. आम्ही पायऱ्या उतरून एका खोलीत गेलो. दिवे अगदी मंद होते. डोळे सरावायला थोडा वेळ लागला, आणि मग भिंतींवरून निळा रंग बाहेर आला.

आला म्हणतो, कारण तसाच तो आला. आधी काळं वाटत होतं ते हळूहळू निळं झालं. छतापासून खालपर्यंत मोठमोठे कापडी पडदे, एकामागं एक, सगळे निळे. त्यावर पांढऱ्या रंगानं चित्रं काढलेली. येशूला पकडून नेतात, फटके मारतात, क्रूसावर चढवतात, अशी सगळी शेवटच्या दिवसांची गोष्ट. पण मी चित्रं नंतर पाहिली. मी आधी कापड पाहिलं.

आयुष्यभर मी रंग केला. बंद यंत्रात, दाबाखाली, उकळीच्याही वरच्या तापमानाला. गिऱ्हाइकानं पाठवलेल्या चिंधीशी शेड जुळवायची, एवढंच काम. आणि आमची भीती एकच, की रंग उडाला, लॉट परत आला. दोन धुण्यांत उतरलेला रंग मी पाहिलाय, सहा महिन्यांत उन्हानं विटलेला पाहिलाय. इथं समोर जे होतं ते चार-पाचशे वर्षांपूर्वीचं होतं, असं पाटीवर लिहिलं होतं. अळशीच्या धाग्याचं, लिननचं कापड. आणि नीळ. खरी, झाडाची नीळ.

कॉलेजात एकदाच आम्हाला सरांनी नीळ करून दाखवली होती. कापड पिंपातून बाहेर काढलं की ते निळं नसतंच, पिवळट हिरवं असतं. वारा लागतो आणि तुमच्या डोळ्यांदेखत ते निळं होत जातं. परत बुडवा, परत वाऱ्यावर धरा. जितक्यांदा बुडवाल तितकी निळाई खोल. ते पाहून मी रंगाच्या धंद्यात पडलो होतो, आणि पुढं पुन्हा कधी नीळ हातात आली नाही.

मी पडद्याच्या जवळ गेलो, हात पाठीमागं बांधले, कारण ते आपोआप पुढं जात होते. हा पडदा जास्त वेळा बुडवलेला. तो कमी. इथं कापड दुमडून पिंपात गेलं असणार, घडीच्या जागी रंग कमी चढलाय. कुठल्याशा माणसानं पिंपावर वाकून, दंडापर्यंत निळा होऊन हे केलं होतं, आणि त्याची चूक मला दिसत होती.

"पप्पा," मुलगी हळूच म्हणाली. ती मागच्या बाकावर बसली होती. "पहिल्या वर्षी मी इथं एकटी आले होते. पाऊस आला म्हणून शिरले. हे पाहिलं आणि मला वास आला. खोटाच, इथं कुठला यायला? तुम्ही ड्यूटीवरून यायचात तेव्हा शर्टाला यायचा, तो आंबूस वास. मी याच बाकावर तासभर बसले होते. मग बाहेर जाऊन तुम्हाला फोन केला."

"मला?"

"सांगायचं होतं की असं असं पाहिलं. तुम्ही विचारलंत, जेवलीस का. आणि फोन मम्मीकडं दिलात."

मला तो फोन आठवेना. आजही आठवत नाही, इतके ते फोन सारखे होते. मी तिच्याशेजारी बसलो. बायकोही आली आणि पलीकडून बसली. आम्ही तिघं त्या निळ्यासमोर बसून राहिलो.

खोलीत एक देखरेख करणारी बाई खुर्चीवर होती. माझं एवढं निरखून पाहणं तिला दिसलं असावं. ती उठून आली आणि मुलीशी बोलायला लागली. मी मुलीला म्हणालो, "तिला विचार, या पडद्यात कापडाच्या दोन पट्ट्या जोडल्यात ना? त्यांचा लॉट वेगळा आहे. डावी पट्टी वेगळ्या पिंपातली."

मुलीनं सांगितलं. त्या बाईनं पडद्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, परत पडद्याकडं पाहिलं. मग भराभर काहीतरी बोलली.

"ती विचारतेय, दुरुस्तीवाले तज्ज्ञही असंच म्हणाले होते, पण त्यांनी भिंग लावून पाहिलं होतं. तुम्हाला इथून कसं कळलं?"

मी काही बोलायच्या आत मुलगीच बोलली. मला शब्द कळले नाहीत. पण माझ्याकडं बोट करून, मान ताठ करून ती जे बोलली ते कळायला भाषा लागत नव्हती. बायकोनं मला कोपरानं ढोसलं.

त्या बाईनं मग बरंच सांगितलं. हे पडदे चर्चमध्ये गुड फ्रायडेच्या आठवड्यात टांगायचे. या बंदरातून असलं निळं कापड जहाजांनी जगभर जायचं, खलाशी त्याच्या विजारी घालायचे, आणि जीन्स हे नाव म्हणे या शहराच्याच नावावरून पडलं. असं म्हणून तिनं आमच्या मुलीच्या विजारीला बोट लावलं. मी विचारलं, नीळ कुठून यायची? ती म्हणाली, पूर्वेकडून, तुमच्या देशातूनही. इंडिगो या शब्दाचा अर्थच मुळी 'हिंदुस्थानातला'. यातली नेमकी कुठली, ते कुणालाच सांगता येणार नाही.

मला ते सांगता न येणंच बरं वाटलं. जायच्या आधी मी त्या डाव्या पट्टीसमोर उभा राहून तिला हात जोडले. ओसरीत आल्यावर बायको म्हणाली, "तुम्ही देवाला जोडलेत की कापडाला?" मी म्हणालो, "रंगवणाऱ्याला."

अजून तासभर होता. मुलीनं आम्हाला एका बोगद्यातून नेलं. टोकाला लाकडी फळ्यांची जुनी लिफ्ट होती. सार्वजनिक लिफ्ट. बाजारहाट करून आलेल्या बायका तिच्यात शिरत होत्या, जसं आपण जिन्यानं वर जावं. खालच्या गल्लीतून वरच्या गल्लीत जायला शहरानं लिफ्ट केलेली मी कधी ऐकली नव्हती. दार उघडलं तर आम्ही शहराच्या डोक्यावर होतो. खाली राखाडी दगडी पाट्यांची छपरं, त्यातून वर आलेली घंटाघरं, मधल्या गल्ल्या तर दिसतच नव्हत्या, आणि पलीकडं बंदर. आमचं जहाज, जे मला जगातलं सगळ्यात मोठं वाटत होतं, ते धक्क्याला लावलेल्या पांढऱ्या डब्यासारखं दिसत होतं.

बायको बाकावर पाय चोळत बसली. मी मुलीजवळ कठड्याशी उभा राहिलो.

"तुला एक सांगायचंय," मी म्हणालो. "गावाकडं मी खोटं सांगतो. मुंबईला असतेस म्हणून."

"माहितीये मला."

"कुणी सांगितलं?"

"गावाकडच्या काकूनं दिवाळीला मेसेज केला होता. मुंबईत कुठं राहतेस, बाजाराला येणार आहे, भेटते म्हणून." ती हसली. "मी म्हटलं, सध्या सुट्टी नाही."

"म्हणजे तूही खोटं बोललीस."

"मग? तुम्हाला खोटं कसं पाडणार?"

समोर एवढं शहर, हजार वर्षं माणसं इथून समुद्रात गेलेली, आणि मी एका पोरीला वापीपर्यंत सोडायला गेलो नव्हतो. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिनं तो तसाच राहू दिला. तिचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं होतं. नवीन घ्यायचं की नाही ते तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. फक्त एवढं विचारलं, "हे असं अजून किती ठिकाणी थांबतं गं तुमचं जहाज?" आणि ती बोटांवर नावं मोजत सुटली.

दीडला आम्ही धावतपळत परतलो. कर्मचाऱ्यांचं दार वेगळं, प्रवाशांचं वेगळं. दारापाशी ती वळून म्हणाली, "जेवून घ्या दोघं," आणि आत गेली.

संध्याकाळी पाचला जहाज सुटलं. आम्ही वर डेकवर होतो. शहराचे काठ सैल होत होते, डोंगरावरच्या खिडक्यांवर ऊन पडून त्या एकेक करून पेटत होत्या. भोवती सगळे फोटो काढत होते. मी डोळे भरून बघत होतो. अशी गोष्ट आयुष्यात दुसऱ्यांदा दिसणार नाही हे मला माहीत होतं.

बायको म्हणाली, "आता ती कुठं असेल?"

"खाली. काउंटरवर."

"चला मग."

"अगं, शहर अजून दिसतंय."

"दिसू दे की."

आम्ही खाली गेलो. काउंटरच्या समोर सोफे आहेत, तिथं जाऊन बसलो. मुलीपुढं मोठी रांग होती. एक म्हातारे गृहस्थ तावातावानं काही विचारत होते आणि ती शांतपणे नकाशावर पेन फिरवून त्यांना समजावत होती. तिच्यामागच्या मोठ्या गोल काचेतून दीपस्तंभ हळूहळू सरकत गेला. मी त्याच्याकडं एकदा पाहिलं, मग परत तिच्याकडं पाहत बसलो.